उपासाचं रक्त

ताडकळसच्या आठवडी बाजारात धुरपताबाई दिसली नाही की बायका समजून जायच्या, गावात कुणाची तरी लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे. धुरपताबाई काही सुईण नव्हती. तिचं काम सुईणीच्याही आधीचं. गरोदर पोरीचं अंग भरून द्यायचं. हे काम तिला कुणी सोपवलं नव्हतं, पण गावात असली कामं कोण कुणाला सोपवतं? माणूस अंगावर घेतं आणि मग ते त्याचंच होऊन बसतं.

पोर दारात आली की धुरपताबाई आधी तिचा दंड धरायची, कोपराच्या वर, अंगठा आणि दोन बोटांत. बाजारात म्हैस घेणारासुद्धा इतकं निरखून बघत नाही. मग निकाल यायचा, "ह्या दंडावर लेकरू पोसायलीस व्हय गं?" दुसऱ्या दिवशी त्या घरी डिंकाचे लाडू पोचायचे, गोडंबी घातलेले, तुपानं डबा आतून ओला झालेला. पोरीनं "आता नको" म्हटलं तरी बाई उठायची नाही. ती स्वतः भरल्या अंगाची, उंबऱ्यात बसली की दार बंद झाल्यात जमा. कुणी हसलं तर म्हणायची, "हसा खुशाल. खाल्लेलं हाय, चोरलेलं न्हाई."

ह्या खाऊ घालण्याला कारण होतं. धुरपताबाई ह्या घरात सून होऊन आली तेव्हा तिची सासू काही दुष्ट नव्हती, पण तिचं एक मत पक्कं होतं. गरोदर बाईनं हात राखून खावं, लेकरू लहान राहिलं की सुटका लवकर होते. पहिलटकरीण धुरपता अर्ध्या भाकरीवर राहिली. तव्यावरच्या भाकरीचा वास आला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. जीवन जन्मला तो मांजराच्या पिलाएवढा. कापसात गुंडाळून ठेवलं होतं त्याला. तो जगला, वाढला, पूर्ण्याला रेल्वेत रुळांच्या कामावर लागला. पण कापसातलं ते लेकरू बघून धुरपताबाईनं मनाशी गाठ मारली होती की आपल्या डोळ्यांदेखत दोन जिवाची बाई उपाशी राहायची नाही. पुढं सासू गेली, धुरपताबाई घरची कारभारीण झाली, पण ती गाठ काही सुटली नाही.

आता जीवनचीच बायको गरोदर होती. राजेश्री तिचं नाव, गंगाखेडकडची, उसाच्या शेतावर वाढलेली पोर. तिची आई लहानपणीच गेलेली. माहेरी वडील आणि बिनलग्नाचा भाऊ, तिथं बाळंतपण कोण करणार? वडील चाचरत विचारायला आले तर धुरपताबाईनं त्यांना चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही. "तिचं माहेर मीच हाय. तुमी बारशाला या," म्हणाली.

राजेश्रीची अंगकाठी चमत्कारिक होती. हातपाय काडीसारखे, गालफडं बसलेली, पण पोट लग्नातही जरा पुढं होतं. निऱ्या नीट बसत नव्हत्या. तेव्हा धुरपताबाईनं ते वातावर ढकललं होतं आणि ओवा चावायला दिला होता. दिवस गेल्यावर मग बाईनं कंबर कसली. सकाळी लाडू, त्यावर दूध-गूळ, दुपारी तुपातला शिरा, बाजाराच्या दिवशी उसाचा रस. राजेश्री बिचारी गुणाची, ताटात पडेल ते खायची. वजन वाढायला लागलं. पण दंड काही भरेना. धुरपताबाई आठवड्याला दंड धरून बघायची आणि चक्रावून जायची.

"पोरी, एवढं खायलीस ते जायलंय कुठं?"

"मला काय म्हाईत, आत्याबाई. मी तर सगळं तोंडातच घालायलेय," राजेश्री म्हणायची.

पूर्ण्याला डॉक्टर हेमाताईंचा दवाखाना. सहावा सरत आला तसं त्यांनी राजेश्रीला साखरेचं पाणी प्यायला लावलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. आकडा थोडा जास्त आला. ताई म्हणाल्या, घाबरू नका, पुन्हा एकदा नीट बघू. तिथली नर्स मंजुषा, घाईची मुलगी, बाहेर दहा बायका खोळंबलेल्या, तिनं जाता जाता सांगितलं, "परवा सकाळी उपासाचं रक्त द्यायला आणा हिला."

उपासाचं म्हटल्यावर धुरपताबाई खूश झाली. एकादशी, चतुर्थी, सोमवार, नवरात्र, बाईचा जन्म उपासात गेलेला. परवा दिवशी तिनं पहाटे उठून चूल पेटवली. साबुदाण्याची खिचडी केली, वर दाण्याचं कूट सढळ हातानं. रताळी उकडून दुधात गूळ घालून कुस्करली. दोन केळी सोलून ठेवली. सुनेला सोबत म्हणून तिनं स्वतःही उपास धरला आणि पाटावर शेजारी बसली.

राजेश्रीला शंका आली. "आत्याबाई, काईच खायचं नसंल बहुतेक."

"मला उपास शिकवतीस व्हय? भाकरीचा कण दिलाय का मी तुला? मीठसुद्धा सैंधव हाय. खा मुकाट्यानं."

जीवननं दोघींना गाडीवर बसवून पूर्ण्याला नेलं, म्हणजे राजेश्रीला गाडीवर आणि आईला जीपमध्ये. रक्त घेतलं. थोड्या वेळानं हेमाताईंनी आत बोलावलं. त्यांचा चेहरा गंभीर होता. ताई म्हणाल्या की उपाशीपोटी साखर इतकी वर असेल तर हे साधं प्रकरण नाही. आजच परभणीला मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, इंजेक्शनं लागतील, लेकराकडं रोज लक्ष ठेवावं लागेल. जीवन भिंतीला टेकून उभा राहिला. राजेश्री दोन्ही हात पोटावर ठेवून बसली. धुरपताबाईला राजेश्रीच्या वडिलांचा चेहरा आठवला. आईविना पोर आपल्या भरवशावर टाकली होती बापानं, आणि हे काय होऊन बसलं?

ताई विचारत होत्या, "रात्री किती वाजता जेवली होती? त्यानंतर काही नाही ना?"

"काई न्हाई, ताई. सकाळी बी निस्ता फराळ केलाय."

हेमाताईंचा पेन थांबला. "फराळ?"

"उपासाचा. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याची खीर अन् केळं. दुसरं काई न्हाई. भगर करणार होते, पण वेळ झाला न्हाई."

ताईंनी आधी चष्मा काढला, मग रुमाल काढला आणि मग त्यांना हसू आवरेना. मंजुषा दारात येऊन बघायला लागली, तिला कळल्यावर ती कपाळाला हात लावून बसली. उपाशीपोटी म्हणजे पोटात काहीच नाही, पाण्याशिवाय काही नाही, असं ताईंनी दोनदा समजावून सांगितलं. सगळ्यांत जास्त धुरपताबाई हसली. जीव भांड्यात पडला होता तिचा. परतीच्या जीपमध्ये तिनं सगळ्यांना ती गोष्ट सांगितली, ओळखीच्यांना आणि बिनओळखीच्यांनाही. तिच्या हिशेबानं सगळी साखर खिचडीची होती, सुनेची नव्हतीच. घरी आल्यावर मुंजाजीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, एवढंच विचारलं, "अन् त्या पहिल्या दिवशी वाढली होती ती कशाची?" धुरपताबाईनं त्याला ताक वाढलं आणि विषय बदलला.

दुसऱ्या खेपेला राजेश्री खरोखर उपाशी गेली. उपाशीपोटीचा आकडा बरा आला. धुरपताबाईनं जीवनकडं विजयी नजरेनं बघितलं. पण जेवणानंतरचा आकडा आला तो चढाच. खिचडी नाही, फराळ नाही, साधं वरण-भात-पोळी खाऊनही चढा. साखर होती. परभणीला धावण्याइतकी नव्हती, पण होती.

आता बाई चिडली. "ताई, मशीनच बिघडली असंल तुमची. माझ्याकडं बघा अन् हिच्याकडं बघा. साखर कुणाला व्हायला पाहिजे? मला चार लेकरं झाली, एकदाबी कुणी साखरेचं नाव काढलं न्हाई."

"तुमच्या वेळी कुणी तपासलीच नसेल, ते राहू द्या," हेमाताई म्हणाल्या. "पण मला सांगा, तुमची चरबी आहे कुठं?"

"कुठं न्हाई ते विचारा."

ताईंनी खुर्ची पुढं ओढली. डॉक्टर म्हणून त्या बऱ्या होत्याच, पण त्यांना समजावून सांगायचीही हौस होती. त्या म्हणाल्या, चरबी चरबीत फरक असतो. मांड्यांवर, कमरेखाली, कातडीच्या आत बसते ती गुमान बसते, कणगीत लिंपून ठेवलेल्या ज्वारीसारखी. गरोदर बाईचं शरीर पहिल्या महिन्यांत मुद्दाम ती भरून घेतं आणि पुढं लेकरू वाढताना, दूध पाजताना त्यातलंच काढून वापरतं. पण पोटात आतड्यांभोवती, लिव्हरभोवती साठते ती तशी बसत नाही. ती सारखी रक्तात पाझरत राहते, आणि रक्तातली साखर जिरवायचं जे इन्सुलिन, त्याच्या कामात खोडा घालते.

"आता गंमत बघा," ताई म्हणाल्या, "शेवटच्या महिन्यांत लेकराला पोटात पोसणारी वारसुद्धा इन्सुलिनला मागं रेटते. लेकराला जास्त साखर मिळावी म्हणून. हे प्रत्येक बाईत होतं. बहुतेक जणींचं शरीर जास्तीचं इन्सुलिन करून भागवतं. पण जिच्या पोटात आधीच ती पाझरणारी चरबी आहे, तिचं भागत नाही. मग साखर रक्तात राहते, वारेतून लेकराकडं जाते आणि लेकरू नको इतकं जाड होतं."

"म्हंजी गुटगुटीत?" धुरपताबाईनं आशेनं विचारलं.

"दिसायला गुटगुटीत. पण बाहेर येताना अडकतं. आणि नाळ तोडली की त्याची साखर एकदम खाली घसरते. ते धोक्याचं." मग त्या राजेश्रीकडं वळल्या. "तू जन्मलीस तेव्हा केवढी होतीस गं?"

"लय लहान. आई म्हणायची, तळहातावर मावायचीस."

ताईंनी मान हलवली. पोटात असताना ज्याला कमी मिळतं त्याचं शरीर बऱ्याचदा काटकसरी बनतं, म्हणाल्या. मोठेपणी जे मिळेल ते पोटात दडवून ठेवतं, हातापायाला देत नाही. धुरपताबाईला तिच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. एवढं खाल्लेलं जात होतं कुठं, ते आता कळलं. तिनं हळूच जीवनकडं बघितलं. जीवनचं पोट अलीकडं पट्ट्यावरून डोकवायला लागलं होतं. जीवननं शर्ट खाली ओढला.

"ताई," धुरपताबाई म्हणाली आणि तिचा आवाज बारीक झाला, "मग मी काय पोरीला इख चारलं का?"

"नाही हो. खायला घातलंत म्हणून तिच्या अंगात ताकद आहे. खाणं कमी करायचं नाही, बदलायचं. लाडू, रस, शिरा बंद. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, दही, मूठभर शेंगदाणे. थोडं थोडं, पण वेळेवर. आणि जेवण झालं की चालायचं. दोन आठवडे बघू. आटोक्यात आली तर ठीक, नाहीतर इंजेक्शन."

सांगायला सोपं आहे. पण जिचा जन्म वाढण्यात गेला तिला हात आखडता घ्यायला सांगणं म्हणजे गवयाला तोंडावर बोट ठेवायला सांगणं. लाडवांचा डबा फडताळात वर गेला. राजेश्रीला दुपारी गोड खायची सवय लागलेली, ती स्वयंपाकघरात यायची, फडताळाकडं बघायची आणि परत जायची. ते बघून धुरपताबाईचा जीव तुटायचा. एकदा तिनं डबा खाली काढला, झाकण उघडलं, आणि मग मुंजाजीला हाक मारून म्हणाली, "हे सगळं रानातल्या गड्यांना देऊन टाका. घरात ठेवू नका. माझाच भरवसा न्हाई मला."

त्यात शेजारची कडूबाई. कडूबाईचं तोंड म्हणजे गावची दवंडी. तिनं लाडू रानात गेलेले बघितले आणि चावडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सांगून आली, "धुरपता सुनेला उपाशी मारायलीय. सासूवर गेली हो शेवटी."

हे धुरपताबाईच्या कानावर आलं आणि ती भाकरी थापता थापता थांबली. जन्मभर ज्या एका गोष्टीला ती भीत आली तीच लोकांच्या तोंडात आली होती. आणि लोकांचं सोडा, तिला स्वतःलाच खात्री वाटेना. उद्या लेकरू मांजराच्या पिलाएवढं झालं तर? खाऊ घालावं तर साखर, न घालावं तर कापूस. इकडं आड, तिकडं विहीर. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पण बाई हटली नाही. जेवण झालं की ती सुनेला घेऊन मारुतीच्या पारापर्यंत चालायला लागली. पुढं काडीसारखी राजेश्री, मागं धापा टाकत धुरपताबाई. पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, "वजन कुणाचं कमी करायचंय नेमकं?" धुरपताबाई उत्तर द्यायची, पण श्वास सापडला की. चालताना राजेश्री बोलायला लागली. घरात मुकी असणारी पोर रस्त्यावर आईच्या गोष्टी सांगायची, उसाच्या फडातल्या, पाचटावर झोपल्याच्या. धुरपताबाई ऐकायची. तिला ते चालणं आवडायला लागलं, गुडघे दुखायचे तरी.

दोन आठवड्यांनी आकडा खाली आला. इंजेक्शन टळलं. पण हेमाताईंनी बजावलं, आता ढिलं सोडू नका, शेवटचे महिनेच अवघड.

डोहाळजेवण करायचं का नाही ह्यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. शेवटी करायचं ठरलं. हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं रीतसर. पंगतीला ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, दाण्याची चटणी, वरण, कोशिंबीर. बायकांनी नाकं मुरडली. डोहाळजेवणाला गोड नाही म्हणजे काय. मग ओटी भरताना कडूबाईनं पदराखालून पेढ्यांचा पुडा काढला. "तुझी सासू देत न्हाई तर मी देते," म्हणाली आणि पेढा राजेश्रीच्या तोंडापाशी नेला. ओटीच्या वेळी तोंडात घातलेलं नाही म्हणता येत नाही. राजेश्रीनं घाबरून सासूकडं बघितलं.

धुरपताबाई मधे आली, वाकली आणि कडूबाईच्या हातातला पेढा स्वतःच्या तोंडात घेतला. 

"गोड झालं हो," धुरपताबाई पेढा चघळत म्हणाली. "आण दुसरा. तिच्या वाटणीचं गोड आज मी खाणार. साखर व्हायची तर मला होऊ द्या, मी पचवीन."

मग काय, हशा पिकला. एकेक बाई पेढा घेऊन आली ती सासूलाच भरवायला. धुरपताबाईला शेवटी शेवटी पेढ्याचा वीट आला, पण ती मागं सरली नाही. कडूबाईसुद्धा हसली. जाताना तिनं हळूच विचारलं, "खरंच एवढं वाईट असतंय का गं ते?" धुरपताबाईनं तिला बसवून घेतलं आणि कणगीची गोष्ट सांगितली, हेमाताईंपेक्षा दुप्पट लांबवून.

दिवस भरले. राजेश्रीला पूर्ण्याला नेलं. धुरपताबाई दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. जीवन येरझाऱ्या घालत होता. तिनं त्याला दोनदा बस म्हटलं, तिसऱ्यांदा रागावली. मग आतून रडण्याचा आवाज आला आणि मंजुषा बाहेर आली. मुलगी झाली, टाके न घालता झाली, आई ठीक आहे.

लेकरू धुरपताबाईच्या हातात दिलं. तिनं निरखून बघितलं. गुटगुटीत नव्हतं. गाल फुगलेले नव्हते, मनगटाला वळ्या नव्हत्या. तिला एकदम जीवनचा जन्म आठवला. आपण हे काय केलं, असं तिच्या मनात आलं. इतक्यात मंजुषानं लेकरू घेतलं, टाचेला बारीक सुई टोचली आणि साखर बघायला रक्ताचा थेंब नेला. पोर रडली. धुरपताबाई पलंगाच्या कडेला बसली.

हेमाताई आल्या. "साखर बरोबर आहे लेकराची. वजन पावणेतीन किलो."

"म्हंजी बारीक का जाड, ताई?"

"बारीक नाही, जाड नाही. जसं पाहिजे तसं आहे."

धुरपताबाईला ते पुन्हा ऐकायचं होतं, म्हणून तिनं पुन्हा विचारलं. ताईंनी न कंटाळता पुन्हा सांगितलं. तेवढ्यात राजेश्री हळूच म्हणाली, "आत्याबाई, भूक लागलीय."

एरवी हे शब्द ऐकले असते तर धुरपताबाई पळत सुटली असती. आज ती जागची हलली नाही. तिनं ताईंच्या तोंडाकडं बघितलं.

"द्या की," ताई म्हणाल्या. "पोटभर द्या. कणगी आता दुधासाठी उघडायची आहे. सहा आठवड्यांनी साखर परत बघू, तोवर तूप-गुळाचा मारा तेवढा करू नका."

धुरपताबाईनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी आणि मुगाचं वरण काढलं. सुनेला उठवत नाही म्हणून ती स्वतः घास भरवायला लागली. राजेश्रीनं चार घास मुकाट्यानं खाल्ले. शेजारी लेकरू झोपलं होतं, त्याच्याकडं बघत ती म्हणाली, "माझी आई सांगायची, मी पोटात असताना तिला पोटभर मिळालं न्हाई. घरात होतं, पण कुणी वाढलं न्हाई. आज ती असती तर मी तिला म्हणले असते, तुला माझ्या आत्याबाईसारखी सासू पाहिजे होती."

धुरपताबाईचा हात ताटातच राहिला. कडूबाईनं गावभर केलेलं ते बोलणं महिनोन् महिने तिच्या मनात रुतून बसलं होतं, ते ह्या पोरीनं एका वाक्यात उपटून टाकलं.

"जेव," ती म्हणाली. "जेवताना बोलू नये."

आणि पुढचा घास करता करता बाई रडायला लागली, मंजुषा बघत होती तरी, जीवन दारात उभा होता तरी. रडत रडत तिनं सगळी भाकरी भरवली.